संगणकाला मिनिटे, राउटरला तास

घरच्या संगणकासाठी यूपीएस घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो तो असा : सहाशेचा देऊ की अकराशेचा? हा आकडा व्होल्ट-अँपिअरचा, म्हणजे व्हीएचा असतो. घेणारा आपल्या ऐपतीप्रमाणे एक आकडा निवडतो, राउटरचा अडॅप्टरही त्याच पेटीच्या मागे खोचतो, आणि काम झाले असे समजतो. मग एके दिवशी लाइट जाते, पंधरा-वीस मिनिटांत पेटी किंचाळू लागते आणि संगणक, इंटरनेट दोन्ही एकदमच बंद पडतात. दोष पेटीचा असेलच असे नाही. विचारायचे दोन प्रश्न विचारलेच गेलेले नसतात : वीज कशाला पुरवायची, आणि किती वेळ? हे दोन प्रश्न विचारले की संगणकाची आणि राउटरची उत्तरे इतकी वेगळी निघतात, की एकाच बॅटरीवर दोघांची सोय लावणे हा बहुसंख्य घरांसाठी चुकीचा व्यवहार ठरतो. संगणकाला पुष्कळ वीज लागते, पण थोडी मिनिटे. राउटरला नाममात्र वीज लागते, पण तासन् तास.

ही विभागणी पूर्वी नव्हती, कारण घरातल्या दूरध्वनीला घरची वीज लागतच नसे. तांब्याच्या जुन्या लँडलाइनला टेलिफोन एक्स्चेंजमधूनच उणे 48 व्होल्टचा एकदिश प्रवाह येई आणि तिथे मोठमोठ्या बॅटऱ्यांची रांग असे. गावात अंधार असला तरी फोन वाजत असे. आता घरात तांब्याऐवजी काचतंतू येतो. त्यातून उजेड येतो, वीज येत नाही, म्हणून त्याच्या टोकाला बसवलेल्या फायबर मोडेमला आणि राउटरला घरचाच प्लग लागतो. दळणवळण चालू ठेवण्याची जी जबाबदारी पूर्वी दूरध्वनी खाते सांभाळत होते, तिचा शेवटचा तुकडा असा नकळत आपल्या भिंतीवर येऊन पडला आहे. त्याच काळात संगणकाचे उलटे झाले. अनेक घरांत टेबलावरचा डेस्कटॉप जाऊन लॅपटॉप आला आणि लॅपटॉप स्वतःची बॅटरी पोटात घेऊनच येतो. बॅकअपची गरज संगणकाकडून राउटरकडे सरकली, खरेदीची सवय मात्र जुनीच राहिली.

किती वेळ पुरवायचे हे ठरवायला आपल्याकडे वीज जाते कशी ते पाहावे लागते. एक प्रकार क्षणिक झटक्याचा : वळवाच्या वाऱ्यात तारेला फांदी घासली, कुठे फ्यूज उडाला, दिवे लुकलुकले आणि परत आले. दुसरा प्रकार अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांपर्यंतचा. डीपीवरचा बिघाड यात येतो आणि देखभालीसाठी आधी कळवून घेतलेला बंदही येतो, जसा पुण्यात वर्षानुवर्षे गुरुवारचा ओळखीचा आहे. तिसरा प्रकार मोठ्या आपत्तीचा. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. काही भागांत ती दोन-अडीच तासांत परतली, काही ठिकाणी रात्र झाली. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीतली कित्येक गावे दिवसच नव्हे तर आठवडे अंधारात होती. या शेवटच्या प्रसंगाला घरगुती यूपीएस हे उत्तरच नाही, आणि त्याच्या भीतीपोटी भलीमोठी पेटी घेण्यात अर्थ नाही. आपल्याला तरतूद करायची आहे ती पहिल्या दोन प्रकारांची. पहिल्याचा त्रास मुख्यतः संगणकाला होतो, दुसऱ्याचा इंटरनेटला.

डेस्कटॉपला नेमके काय हवे असते? आपल्या विजेचा एक फेरा 20 मिलिसेकंदांचा असतो. चांगल्या प्रतीच्या संगणकाचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर असताना वीज तुटली, तर आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर साधारण 16-17 मिलिसेकंद तग धरतो. साध्या यूपीएसला बॅटरीवर जायला बहुधा चार ते दहा मिलिसेकंद लागतात, म्हणून तो वेळेत पोहोचतो. अचानक बंद पडल्यावर होणाऱ्या नुकसानाची भीती मात्र थोडी जुन्या काळातली आहे. आजच्या फाइल प्रणाली प्रत्येक बदलाची आधी नोंद ठेवतात आणि पुन्हा सुरू होताना ती वाचून स्वतःला सावरतात. हार्ड डिस्कचे डोके फिरत्या चकतीच्या उरल्यासुरल्या गतीवर बाजूला जाऊन बसते. तरीही जतन न केलेले काम जातेच. घरगुती एसएसडीच्या तात्पुरत्या स्मृतीत असलेली, अजून पक्की न लिहिलेली माहिती जाऊ शकते. आणि बायॉसचे अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. हे सगळे टाळायला काम जतन करून संगणक नीट बंद करण्याइतका वेळ पुरतो : पाच मिनिटे, फार तर दहा. त्यापलीकडे डेस्कटॉप चालू ठेवायचा तर तो बॅकअपचा प्रश्न उरत नाही, पर्यायी वीजपुरवठ्याचा होतो, आणि त्याचा खर्च वेगळ्याच पायरीवर जातो.

म्हणूनच या पाच-दहा मिनिटांचा खरा उपयोग करून घेणारी सोय मला व्हीएपेक्षा महत्त्वाची वाटते. ती म्हणजे यूपीएसवरचा यूएसबी पोर्ट. त्यातून यूपीएस संगणकाला सांगतो की मी बॅटरीवर आलो आहे, एवढी उरली आहे. आणि ठरावीक पातळीला संगणक आपण होऊन बंद होतो. माणूस त्या वेळी घरी नसला तरी चालते. लिनक्सवर यासाठी नेटवर्क यूपीएस टूल्स ही मोफत प्रणाली आहे आणि घरगुती साठवण सर्व्हर अर्थात नॅस यंत्रांपैकी अनेकांत अशी सोय आधीच असते. दोन-तीन डिस्कवर माहिती विभागून ठेवणाऱ्या नॅसला तर मधेच वीज तुटणे जास्त बाधते, कारण एका डिस्कवर लिहून झालेले आणि दुसऱ्या डिस्कवर राहिलेले असे होऊ शकते. स्वस्त सहाशेच्या पेट्यांत हा पोर्ट पुष्कळदा नसतो. रात्रभर चालणारे यंत्र घरात असेल तर व्हीए थोडे कमी घ्यावे, पण पोर्ट घ्यावाच.

आता आकड्यांकडे वळू. व्हीए आणि वॅट हे दोन्ही आकडे यूपीएस एका वेळी किती भार पेलेल तेवढेच सांगतात. तो किती वेळ पेलेल ते सांगत नाहीत. व्हीए म्हणजे नळाची जाडी, टाकी किती मोठी आहे ते त्यावरून कळत नाही. टाकीचे माप बॅटरीवर असते. सहाशे व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा 360 वॅटचा असतो आणि त्यात 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची एक शिसे-आम्ल बॅटरी असते. गुणाकार केला की 84 वॅट-तास येतात. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून 100 वॅट घेत असतील तर कागदावर पन्नास मिनिटे मिळायला हवीत. प्रत्यक्षात नवी बॅटरी असतानाही वीस-पंचवीसच मिळतात. याचे कारण असे, की 7 अँपिअर-तास हा आकडा वीस तासांत हळूहळू, म्हणजे 0.35 अँपिअरने, बॅटरी रिकामी केली तर लागू पडतो. 100 वॅटसाठी, रूपांतरातली गळती धरून, तिच्यातून दहाएक अँपिअर ओढावे लागतात. शिसे-आम्ल बॅटरी जितक्या जोरात उपसावी तितकी कमी देते. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पॉयकर्ट यांनी 1897 मध्ये हा नियम सूत्रात मांडला. भार दुप्पट, म्हणजे 200 वॅट केला की वेळ निम्म्यापेक्षाही खाली येऊन आठ-दहा मिनिटांवर ठेपतो. ग्राफिक्स कार्ड बसवलेला खेळाचा संगणक 300 वॅटच्या पुढे जातो, त्याला ही पेटी पुरणारच नाही. लेझर प्रिंटर तर कुठल्याच घरगुती यूपीएसला जोडू नये, कारण कागदावर शाई भाजून बसवणारा त्याचा रूळ तापताना एका झटक्यात हजार वॅटच्या आसपास ओढतो. उलट मॉनिटर मात्र न विसरता जोडावा. पडदा काळा झाला तर संगणक चालू राहूनही काम जतन करता येत नाही.

राउटरचे गणित याच्या अगदी उलट आहे. त्याच्या अडॅप्टरवर 12 व्होल्ट, 1 अँपिअर असे लिहिलेले असते, म्हणजे कमाल 12 वॅट; चालताना प्रत्यक्षात सहा ते दहा वॅट जातात. एवढ्या छोट्या कामासाठी यूपीएस काय करतो पाहा. बॅटरीतली 12 व्होल्ट एकदिश वीज तो 230 व्होल्ट प्रत्यावर्ती करतो आणि लगेच राउटरचा अडॅप्टर तिला पुन्हा 12 व्होल्ट एकदिश करतो. या उलटसुलट फेऱ्यात यूपीएस स्वतःसाठीच दहा-पंधरा वॅट खाऊ शकतो, म्हणजे राउटरपेक्षा जास्त. त्यामुळे 84 वॅट-तासांची बॅटरीही एकट्या राउटरला तीन तास जेमतेम चालवते. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस हा फेरा टाळतो. तो अडॅप्टर आणि राउटर यांच्यामध्ये बसतो आणि लिथियम सेलमधून थेट 12 व्होल्ट देतो. त्याच्यावर 8800 एमएएच असा दणदणीत आकडा छापलेला असला तर हुरळून जाऊ नये, कारण तो आकडा सहसा सेलच्या 3.7 व्होल्टवर मोजलेला असतो. गुणाकार केल्यावर साधारण 32 वॅट-तास निघतात. पण गळती वजा जाता उरलेले 27 वॅट-तासही दहा वॅटच्या राउटरला अडीच तासांच्या पुढे नेतात. निम्म्याहून कमी साठ्यात जवळजवळ तेवढेच काम झाले, आणि किंमतही साध्या यूपीएसपेक्षा बरीच कमी. घेताना व्होल्टेज 9 आहे की 12, राउटरला किती अँपिअर हवेत, फायबर मोडेम वेगळा असल्यास दोन तोंडे आहेत का, पिनेचे माप 5.5 बाय 2.1 आहे की 2.5 मिलिमीटर, आणि धन टोक आतल्या बाजूला आहे ना, एवढे अडॅप्टरवरच्या छापील ओळींशी ताडून पाहावे. चुकीचे व्होल्टेज राउटर जाळू शकते.

यावर पहिला आक्षेप येतो : दोन उपकरणे कशाला, एकच मोठी पेटी घेतली तर व्याप कमी. आक्षेपात तथ्य आहे. अकराशेच्या पेटीत बहुधा दोन बॅटऱ्या असतात. लाइट गेल्याबरोबर कुणी डेस्कटॉप बंद केला तर ती पेटी राउटर चार-पाच तासही ओढील. पण हे त्या 'बंद केला तर' वर टांगलेले आहे. चालू राहिलेला डेस्कटॉप राउटरच्या वाट्याची वीज पहिल्या अर्ध्या तासात पिऊन टाकतो. भार फार कमी झाला की काही यूपीएस बॅटरी वाचवण्यासाठी स्वतःच बंद होतात, तेही लक्षात ठेवावे. शिवाय सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी पुन्हा पुन्हा तळापर्यंत उपसण्यासाठी बनवलेली नसते; पूर्ण रिकामी करत राहिल्यास ती दोन-अडीचशे वेळांत संपते. दर आठवड्याला चार तास राउटर चालवण्याचे काम तिच्यावर टाकणे म्हणजे तिचे आयुष्य खर्ची घालणे. दोन छोटी उपकरणे वेगळी ठेवली तर एकाची बॅटरी गेली म्हणून दुसरे अडत नाही.

दुसरा आक्षेप महाराष्ट्रात अधिक वजनदार आहे : आमच्याकडे इन्व्हर्टर आहेच. 2005 नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने, विशेषतः ग्रामीण भागात, लोकांना इतके पिडले की पंखा आणि ट्यूबलाइटसाठी इन्व्हर्टर ही घरातली नित्याची वस्तू झाली. 150 अँपिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटरीत 1800 वॅट-तास मावतात, म्हणजे सहाशेच्या यूपीएसच्या वीसपटीहून जास्त. तासांचा प्रश्न अशा घरात सुटलेलाच आहे. उरतो तो फक्त वीज पालटण्याच्या क्षणाचा. अनेक इन्व्हर्टरवर मागे एक कळ असते. ती साध्या पद्धतीवर असेल तर इन्व्हर्टर साधारण 100 ते 290 व्होल्टपर्यंतची वीज तशीच पुढे पाठवतो आणि पालटायला जास्त वेळ घेतो. यूपीएस पद्धतीवर ठेवली तर ही मर्यादा 180 ते 260 च्या आसपास आवळली जाते आणि बदल लवकर होतो. म्हणजे आधी ती कळ फिरवून पाहावी. वीज पालटताना संगणक बंद पडत नसेल तर नवे काही घेण्याची गरज नाही. राउटर तरीही दचकून बंद होत असेल, तर त्याला परत जोडले जायला दोन-तीन मिनिटे लागतात आणि चालू ऑनलाइन बैठक तुटते. तेवढी फट सर्वांत छोटा डीसी यूपीएससुद्धा बुजवतो. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरमागे यूपीएस लावताना मात्र सावध राहावे. त्या लहरीला वीज मानायला काही यूपीएस तयार होत नाहीत. ते बॅटरीवरच राहतात आणि घरात इन्व्हर्टर चालू असूनही संपून जातात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : घरचा राउटर जिवंत ठेवून काय उपयोग, पलीकडचे नेटवर्कच बसले तर? याचे उत्तर जोडणीच्या प्रकारावर आहे. घरापर्यंत काचतंतू आला असेल तर वाटेत उजेड वाटणारे स्प्लिटर असतात आणि त्यांना वीज लागतच नाही. विजेची गरज थेट सेवा देणाऱ्याच्या केंद्रात असते, जिथे बॅटरी आणि बहुधा जनरेटरही असतो. पण कित्येक इमारतींत काचतंतू जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या एका डब्यापर्यंतच येतो आणि तिथल्या स्विचमधून घरोघर लॅन केबल जाते. तो स्विच सोसायटीच्या विजेवर असेल तर तो पडला की सगळे पडले, तुमच्या खोलीतली बॅटरी कितीही मोठी असो. खरेदीआधी हे तपासता येते. पुढच्या वेळी लाइट गेली की मोडेमला कुठल्याही मार्गाने, शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरवरून का होईना, वीज द्यावी आणि त्याच्यावरचे दिवे पाहावेत. पॉन असे लिहिलेला हिरवा दिवा स्थिर असेल तर केंद्रापर्यंतची वाट चालू आहे. एलओएसचा लाल दिवा लागला तर प्रकाशच येत नाही. लॅन केबलच्या जोडणीत दोष जिन्यातल्या स्विचचा निघाला तर तिथेच एक छोटा बॅकअप बसवणे, किंवा तो स्विच सोसायटीच्या जनरेटरवर घेणे, हा अख्ख्या इमारतीच्या फायद्याचा आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागेल असे म्हणणाऱ्यांचे एकट्या घराच्या बिघाडात खरेच भागते. अख्ख्या परिसराची वीज जाते तेव्हा मात्र सगळेच त्या टॉवरकडे धावतात आणि टॉवरची बॅटरीही काही तासांचीच असते.

कमी दाबाच्या विजेबद्दलही एक समजूत दुरुस्त करायला हवी. संध्याकाळी पंप चालू झाले की गावाकडे दाब 170-180 वर उतरतो आणि मग राउटरला, लॅपटॉपला स्टॅबिलायझर लावायचे सल्ले मिळतात. या अडॅप्टरांवर 100 ते 240 व्होल्ट असे छापलेले असेल तर त्यांना त्या दाबाने काही होत नाही. त्रास होतो तो साध्या यूपीएसला, कारण दाब उतरला की तो रोजच बॅटरीवर जातो आणि बॅटरी झिजवतो. अशा ठिकाणी दाब आतल्या आत सावरणारा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्यावा. यूपीएस बॅटरीवर असताना देतो त्या लहरीचा प्रश्न नव्या डेस्कटॉपपुरता आहे : पॉवर फॅक्टर सुधारणारे पॉवर सप्लाय पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर कधी गुणगुणतात, कधी बंद पडतात, त्यांच्यासाठी शुद्ध साइन लहर देणाऱ्या यूपीएसचे जास्तीचे पैसे योग्य आहेत. अर्थिंग नसलेल्या घरात विजेच्या लोटापासून संरक्षण हे यूपीएसच्या खोक्यावरचे वाक्य बहुतांशी कागदावरच राहते. बाहेरून तांब्याची केबल घरात येत असेल तर गडगडाटात प्लगबरोबर तीही उपटून ठेवावी.

बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू लाइट जाणे नव्हे, उन्हाळा. शिसे-आम्ल बॅटरीचे तीन ते पाच वर्षांचे आयुष्य वीस-पंचवीस अंश तापमानाला धरलेले असते, आणि दर दहा अंशांमागे ते साधारण निम्मे होते. नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 च्या पुढे जातो. तिथे बंद कपाटात कोंबलेला यूपीएस दुसऱ्या उन्हाळ्यानंतर नावापुरताच उरला तर नवल नाही. लिथियम फेरो-फॉस्फेट रसायनाची बॅटरी उष्णता अधिक सोसते आणि दोन हजारांहून अधिक फेरे देते, पण जुन्या यूपीएसमध्ये शिशाच्या जागी ती परस्पर बसवू नये, दोघींची चार्जिंगची गरज वेगळी असते. छोटा डीसी यूपीएस राउटरच्या तापलेल्या पाठीवर ठेवू नये. त्यावर भारतीय मानक ब्यूरोचा 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. यूपीएससाठी आयएस 16242 आणि लिथियम सेलसाठी आयएस 16046 ही मानके आहेत. बसवल्याची तारीख मार्करने बॅटरीवर लिहावी आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा चाचणी घ्यावी. चाचणी घेताना प्लग उपटू नये, भिंतीवरची कळ बंद करावी, म्हणजे अर्थिंग जोडलेले राहते. घड्याळ लावून पाहावे. वेळ पहिल्यापेक्षा निम्म्यावर आला की पेटी न बदलता फक्त आतली बॅटरी बदलावी. जुनी शिशाची बॅटरी देऊन नवीवर सूट मिळते आणि 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत गोळा करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. फुगलेला लिथियम पॅक मात्र तातडीने वापरातून काढावा, न दाबता, न टोचता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये.